तळटीप : स्वयंविभवावरून भूजलाची रोधकता

* लेखकाने इंदिरानगरातल्या (बंगळुरू) बोअरवेलच्या ओघात ही रीत सांगितली आहे, पण ती त्या जमिनीची नव्हे. तिला वाळू आणि शेल यांचे आलटूनपालटून थर लागतात, आणि विहिरीत खोदकामाचा, पाण्यात कालवलेला चिखल भरलेला लागतो. चिखल आणि थरातले पाणी यांची क्षारता वेगळी असली, की वाळूसमोर स्वयंविभवाचा आलेख शेलसमोरच्या रेषेपासून सरकतो : थरातले पाणी अधिक खारे असेल तर ऋण बाजूला, गोडे असेल तर धन बाजूला. 25 अंश सेल्सिअसला रोधकतांच्या दसपट फरकामागे हे सरकणे सुमारे 71 मिलिव्होल्ट भरते. म्हणजे चिखलातून गळालेल्या पाण्याची रोधकता 1 ओहम-मीटर आणि आलेखाचे सरकणे उणे 71 मिलिव्होल्ट असेल, तर भूजलाची 0.1. मात्र पातळ थरात किंवा चिकणमाती मिसळलेल्या वाळूत आलेख पुरता सरकत नाही, आणि खारे पाणी असते त्याहून गोडे ठरते. शिवाय सूत्र साध्या मिठाचे पाणी धरून चालते. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या गोड्या पाण्यात ते फसते.

बंगळुरूखाली पट्टिताश्म आहे. पाणी भेगांत, शेल नाही, आणि बोअर बहुधा दाबाच्या हवेने पाडलेले. तिथे पाणी उपसून वाहकतामापकात धरावे, काम संपले. आपल्याकडे या रीतीला साजेशी जागा म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा : पूर्णेच्या गाळात वाळू-चिकणमातीचे थर आहेत आणि पाणीही खारे आहे. — संपादक