इंग्रजी मोटार, पुणेरी वासा

आमच्या घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड आहे. लहानपणी तिच्यात वाघ आहे असे आम्हां मुलांना सांगितले जाई. फटीतून डोळा लावून पाहिले की खरेच अंधारात ताडपत्रीखाली काहीतरी दबा धरून बसलेले दिसे. वाघ नव्हता, काकांची एम.जी. होती. दोन माणसांची, डोक्यावर कापडी छत असलेली, लाल रंगाची, तारांच्या उंच चाकांची मोटार.

इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ती १९४८ साली निघाली आणि बोटीने मुंबईस आली. १९५९ साली काकांनी ती तिच्या पहिल्या मालकाकडून विकत घेतली. त्या वेळी काका चोवीस वर्षांचे होते आणि, आजीच्या मते, शुद्धीवर नव्हते. १९७३ च्या अखेरीस जगभर तेलाचे संकट आले, पेट्रोलचे भाव कडाडले, घरात मुलांच्या शाळांचे खर्च उभे राहिले. १९७४ च्या पावसाळ्याआधी काकांनी गाडी विटांवर चढवली, वर ताडपत्री टाकली, आणि तो विषय संपला. संपला म्हणजे एकोणपन्नास वर्षे संपला. २०२३ च्या दिवाळीत झाडलोट करताना शेडचे दार उघडले, तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे काका काठी टेकत मागे येऊन उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "एकदा तिचा आवाज ऐकव रे."

आता आवाज ऐकवायचा म्हणजे काय करायचे? नवी बॅटरी आणावी, किल्ली लावावी आणि काय होते ते पाहावे, एवढे माझे यंत्रज्ञान. सुदैवाने आमच्या पेठेत एक सत्तरीचे मिस्त्री आहेत. त्यांनी माझा हातच धरला. "साहेब, पन्नास वर्षं निजलेल्या माणसाला उठवून एकदम पर्वती चढायला लावाल का?"

उभी ठेवलेली गाडी झिजत नाही, जशीच्या तशी राहते, अशी आपली समजूत असते. ती साफ चुकीची आहे. चालत्या गाडीत तेल सगळीकडे खेळत असते. उभ्या गाडीत ते हळूहळू निथळून तळाशी जाते, उघड्या पडलेल्या पोलादावर गंज चढतो, आणि दट्ट्याची कडी सिलिंडरच्या भिंतीला चिकटून बसतात. अशा वेळी जोराने इंजिन फिरवले तर कडी मोडतात किंवा भिंतीला ओरखडे पडतात. म्हणून मिस्त्रींनी चारही स्पार्क प्लग काढून आत पातळ तेल ओतले आणि आठ दिवस कशालाही हात लावू दिला नाही. नवव्या दिवशी पुढचा हँडल घालून हलकेच जोर दिला. अंगठ्याएवढे फिरले! त्या अंगठाभर फिरण्याचा आनंद काय सांगू!

पेट्रोलच्या टाकीत डिंकासारखा थर निघाला. इंजिनाच्या तळच्या तबकात डांबर. ब्रेकच्या रबरी वाट्या दगड झालेल्या. सीटच्या आत उंदरांनी बिऱ्हाड केले होते आणि अंथरायला आमच्याच रद्दीतली वर्तमानपत्रे नेली होती. त्यांची रुची चांगली असावी. अग्रलेखाची पाने अधिक कुरतडली होती.

खरी गंमत पुढेच झाली. इंजिनाचा एक बोल्ट तुटला. जुन्या बोल्टाच्या डोक्यावर इंग्रजी व्हिटवर्थ मापाचा पाना चपखल बसत होता, म्हणून मिस्त्रींनी कुठूनसा व्हिटवर्थ बोल्ट पैदा केला. तो आट्यांत जाईचना. मग बाजारातला ८ मिलिमीटरचा आणला. तो दोन आटे फिरला आणि अडला. मिस्त्री चिडले. "ह्या गाडीचं डोकं एक सांगतं नि पोट भलतंच!" मी पुस्तके चाळली तेव्हा कोडे सुटले. हॉचकिस नावाच्या फ्रेंच शस्त्र-कंपनीने पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील कव्हेंट्री येथे मशीनगनचा कारखाना काढला होता. युद्ध संपले, यंत्रे रिकामी पडली, तेव्हा ती मॉरिस मोटारींची इंजिने करू लागली. १९२३ साली मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक, आणि तेही १ मिलिमीटर अंतराचे बारीक. आज बाजारात मिळणाऱ्या त्या मापाच्या बोल्टाचे अंतर असते सव्वा मिलिमीटर. पण इंग्लंडातल्या गॅरेजांत पाने इंग्रजी मापाचे! मग बोल्टाचे डोके तेवढे इंग्रजी ठेवले. पंचवीस वर्षांनंतर बनलेल्या आमच्या १२५० सी.सी. इंजिनातही ती तडजोड तशीच चालू होती. पहिल्या महायुद्धातल्या मशीनगनीचे आटे २०२४ साली आमच्या मिस्त्रींच्या हातात अडले होते.

ही मोटार ज्याच्या कल्पनेतून जन्मली त्या सेसिल किंबरची हकीकत चटका लावणारी आहे. ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस'चा तो १९२२ पासून व्यवस्थापक. एम.जी. ही अक्षरे त्या गॅरेजचीच. साध्या मॉरिसच्या सांगाड्यावर देखणी अंगे चढवून त्याने तरुणांना परवडेल अशी चपळ गाडी दिली, १९२९ साली ॲबिंग्डनला बिऱ्हाड हलवले. दुसऱ्या महायुद्धात वरिष्ठांना न विचारता विमानाच्या भागांचे काम घेतले म्हणून १९४१ साली त्याला काढून टाकले, आणि ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात आगगाडीच्या अपघातात तो गेला. त्याच वर्षी शरदात आमच्या गाडीचे टी.सी. हे मॉडेल बाहेर पडले. युद्धापूर्वीचीच गाडी, आतून चार इंच रुंद केलेली. चार वर्षांत दहा हजार गाड्या झाल्या, त्यांतल्या दोनेक हजार अमेरिकेस गेल्या. स्टिअरिंग मात्र सर्वांचे उजवीकडेच. किंबरने यांतली एकही पाहिली नाही.

आता लाकडाकडे येतो, कारण घोळ तिथेच झाला. ह्या गाडीचे अंग पत्र्याचे दिसते, पण आत सांगाडा ॲश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडाचा असतो. पत्रा त्यावर ठोकलेला. डाव्या दाराखालचा पत्रा सोडवला तेव्हा आत फिकट ॲश नव्हते. काळपट, तेलकट, जड असे भलतेच लाकूड होते, आणि लाकूड व पत्रा यांच्या सांध्यात मूठभर राखी माती. जुन्या गाड्यांचे एक जाणकार पाहायला आले होते. सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, हे कुणीतरी सागवान घातलेले आहे, काढून टाका. हल्ली ह्या गाडीचे झाडून सारे भाग विलायतेत नव्याने बनतात, सबंध सांगाडा मागवा, गाडी कशी अगदी मूळची होईल. मला ते तंतोतंत पटले. मी किंमतही विचारून घेतली.

काकांना सांगायला गेलो. त्यांनी मातीची पुडी हातात घेतली आणि बराच वेळ नुसती चोळत बसले.

"पानशेत," ते म्हणाले.

१२ जुलै १९६१. पुणेकरांना ह्या तारखेचा अर्थ सांगायला नको. "सकाळी धरण फुटलं म्हणून ओरडा झाला," काका सांगत होते. "गाडी ढकलत चढावर नेण्याइतका वेळ होता. आई म्हणाली, पोथ्या घ्या. मी आईलाच पाठुंगळी घेतलं. वळून पाहिलं तेव्हा गाडीच्या काचेपर्यंत पाणी आलं होतं. दुसऱ्या दिवशी परत आलो तर वाडा पडलेला, आणि गाडी चिखलाने भरलेली, पण होती तिथंच. लाकूड कुजलं. विलायती लाकूड आणायचं कुठून? बाहेरची मोटार आयात करणं तेव्हा बंदच झालेलं, सुटे भागही मिळत नव्हते. आपल्या सुताराचं दुकान वाहून गेलेलं. तो म्हणाला, दादा, वाड्याचे वासे पडलेत, त्यातला एक द्या. करवत तेवढी उसनी आणली होती त्याने."

म्हणजे दाराखाली होता तो आमच्या पडलेल्या वाड्याचा वासा! घर फिरले की घराचे वासेही फिरतात म्हणतात. हा तर पुढे तेरा वर्षे महाबळेश्वरापर्यंत फिरून आला होता. त्या वाड्याचे दुसरे काहीच आमच्याकडे उरलेले नाही. एक फोटोसुद्धा नाही.

जाणकारांचे बोलणे खोटे नव्हते. पण गाडी ॲबिंग्डनला काही आठवडे घडली असेल. आमच्या पेठेत ती पंधरा वर्षे घडत होती. मी विलायतेला पत्र लिहून सांगाड्याचा बेत रद्द केला. टायर, ब्रेकच्या वाट्या, विजेच्या तारा मात्र सर्व नव्या घातल्या, तिथे भावनेचे काम नाही. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या, कारण हल्लीच्या पेट्रोलातले इथेनॉल जुने रबर खाते. सागवानाला मिस्त्रींनी जवसाचे तेल पाजले.

शेवटी एका सकाळी किल्ली फिरवली. ह्या गाडीत पेट्रोलचा विजेचा पंप आहे. आधी तो टिक् टिक् करतो, आणि कार्बोरेटर भरले की गप्प होतो. काका ती टिकटिक ऐकत होते. थांबली तसे म्हणाले, "आता ओढ." तिसऱ्या खेपेला इंजिन खोकले, निळा धूर सोडला, आणि लागले.

२०२१ सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाडीला नवी नोंदणी मिळते, जुना नंबरही राहतो. मात्र ती रोजच्या वापरात फिरवता येत नाही. पेट्रोल भरायला नेता येते. तेव्हा आम्ही लकडी पुलापलीकडच्या पंपावरच पेट्रोल भरायचे ठरवले. मी चालवत होतो, डाव्या बाजूला काका, अंगात स्वेटर, एक हात दारावर, नेमका त्या वाशाच्या वर. गाडीला वळण्याचे दिवे नाहीत. डावीकडे वळायच्या वेळी काकांनी बाहेर हात काढून रीतसर खूण केली. मागच्या स्कूटरवरच्या मुलाला वाटले, आजोबा आपल्याला हात करताहेत. त्यानेही मोठ्या आनंदाने हात हलवला.