काचमाशाचे नाव : रूढी आणि नमुना

शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, हा भाषेचा सामान्य नियम होय. एखादे नाव पिढ्यानुपिढ्या एकाच वस्तूस लावले गेले, की त्याची व्युत्पत्ती काहीही असो, ते त्या वस्तूचेच होऊन बसते. भारतीय शास्त्रकारांनी यालाच 'रूढी' अशी संज्ञा दिली. प्राणिशास्त्रीय नाव मात्र या नियमास अपवाद आहे. ते रूढीस बांधलेले नसून, जातीचे प्रथम वर्णन ज्या नमुन्यावरून झाले त्या नमुन्यास बांधलेले असते. हे दोन नियम परस्परांशी कसे भिडतात, हे मत्स्यपात्रांतून पाळल्या जाणाऱ्या 'ग्लास कॅटफिश' या माशाच्या नामेतिहासावरून स्पष्ट होते.

हा मासा इतका पारदर्शक असतो की, त्याच्या शरीरातून पाठीचा कणा सहज दिसतो. हौशी मत्स्यपालक, विक्रेते आणि ग्रंथकार त्यास दीर्घकाळ 'क्रिप्टॉप्टेरस बायसिरिस' म्हणत आले. वस्तुतः हे नाव ज्या जातीचे, तिचे वर्णन आशील व्हालांसिएन यांनी १८४० साली जावा बेटावरील माशांवरून केले होते. ती जाती आकाराने बरीच मोठी असून काचमाशाइतकी पारदर्शक नाही. १९८९ साली टायसन रॉबर्ट्स यांनी पश्चिम बोर्निओतील 'क्रिप्टॉप्टेरस मायनर' ही लहान जाती वर्णिली. तेव्हा पाळीव मासा हाच असावा, असे मत बळावले. पहिली चूक दूर झाली, पण तिची जागा दुसरीने घेतली.

अखेर २०१३ साली हिओक ही एंग आणि मॉरिस कोटेला यांनी दाखवून दिले की, व्यापारातील हा मासा थायलंडच्या द्वीपकल्पीय व आग्नेय भागांतील नद्यांत राहणारा असून त्यास शास्त्रीय नावच मिळालेले नव्हते. त्यांनी त्याचे नाव 'क्रिप्टॉप्टेरस व्हिट्रिओलस' असे ठेवले. काच या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे हे लघुत्वदर्शक रूप आहे. केवळ पारदर्शकतेवर त्यांनी ही ओळख उभी केली नाही. गुदपराच्या आरंभापलीकडे पोहोचणाऱ्या मिशा, मानेवरील ठळक खोलगटपणा, सडपातळ देह आणि गुदपरातील ४८ ते ५५ अर, अशा अनेक लक्षणांचा समुच्चय त्यांनी प्रमाण मानला. सुमारे ऐंशी वर्षांची चूक अशा रीतीने दुरुस्त झाली.

ही चूक इतकी वर्षे का टिकली? मृत्यूनंतर या माशाची पारदर्शकता नाहीशी होते व देह दुधाळ होतो. संग्रहालयातील बरणीत जो नमुना असतो, त्यात सर्वांत लक्षवेधक खूणच उरत नाही. उलट, पाळणाऱ्याजवळ जिवंत मासा असतो, पण तुलनेसाठी नमुना नसतो. त्यात व्यापारातून आलेल्या माशाबरोबर तो कोणत्या नदीतला, ही माहिती क्वचितच येते. मग एका पुस्तकातील नाव दुसऱ्यात उतरते, आणि पुनरुक्तीसच प्रमाणाचे स्वरूप येते.

हा केवळ नावाचा वाद नव्हे. चुंबकीय क्षेत्रास प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनाविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काचमाशासाठी 'बायसिरिस' हेच जुने नाव आढळते. उलट त्याच्या अंगावरील इंद्रधनुषी रंगांचा उलगडा करणाऱ्या २०२३ च्या संशोधनात 'व्हिट्रिओलस' हे नाव आहे. पुढील अभ्यासकाने केवळ नावावर विसंबून तुलना केली, तर एकाच माशाविषयीचे ज्ञान दोन जातींत विभागले जाण्याचा, किंवा दोन जातींचे ज्ञान एकीच्या खाती जमा होण्याचा धोका संभवतो. नमुना जपून ठेवणे व त्याचे मूळ स्थान नोंदविणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

ऐंशी वर्षांच्या वापराने 'बायसिरिस' हे नाव काचमाशाचे होऊ शकले नाही, कारण जावा बेटावरील मूळ माशाचा त्यावरील हक्क कायम होता. 'ग्लास कॅटफिश' हे बाजारातील नाव मात्र या सर्व उलथापालथीत अबाधित राहिले. त्याचा आधार रूढी हाच होता, आणि रूढीपुरते ते कधीच चुकलेले नव्हते.