तीन चाकांची विक्रमवीर

भारतातून आई-वडील आले की शिकागोच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमची एक फेरी ठरलेलीच! तिथली कोळशाची खाण आणि जर्मन पाणबुडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. याच संग्रहालयात ‘स्पिरिट ऑफ अमेरिका’ ही जेट-मोटारही अनेक वर्षे प्रदर्शनात होती. तिचा इतिहास मोठा रंजक आहे.

१९४७ साली इंग्लंडच्या जॉन कॉबने ताशी ३९४ मैल वेगाचा जागतिक विक्रम केला आणि तो १६ वर्षे टिकला. कॉबच्या गाडीचे इंजिन चाके फिरवत असे. पण अशा गाडीची ताकद कितीही वाढवली, तरी एका मर्यादेनंतर चाके जागच्या जागी घसरू लागतात. कॅलिफोर्नियाच्या क्रेग ब्रीडलव्हने वेगळी वाट धरली. एकेकाळी अग्निशमन दलात काम केलेल्या या तरुणाने सेबर लढाऊ विमानात असे, त्या जातीचे जे-४७ जेट इंजिन गाडीला बसवले. फुगवलेला फुगा सोडून दिला की हवा मागे जाते आणि फुगा पुढे पळतो, तेच हे तत्त्व. चाके फक्त गडगडायची!

५ ऑगस्ट १९६३ रोजी यूटामधील बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर, दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी काढून, वेग भरला ताशी ४०७ मैल. ब्रीडलव्ह तेव्हा २६ वर्षांचा होता. पण मोटारींच्या जागतिक संघटनेने विक्रम नाकारला, कारण चाके तीनच आणि तीही इंजिनाने न फिरणारी! शेवटी मोटारसायकलींच्या संघटनेने तिला आपल्यात घेतले.

१५ ऑक्टोबर १९६४ ला त्याच गाडीने ताशी ५२६ मैल गाठले. मात्र धाव संपताना पॅराशूट तुटले आणि ब्रेक जळून गेले. गाडी एक खांब तोडून खाऱ्या पाण्याच्या तळ्यात कोसळली. ब्रीडलव्ह पोहून सुखरूप बाहेर आला! पुढच्याच वर्षी नव्या, चार चाकी गाडीतून त्याने ताशी ६०० मैलांची सीमाही ओलांडली. २०२३ मध्ये त्याचे निधन झाले.

१९९७ मध्ये ब्रिटनच्या ‘थ्रस्ट एसएससी’ने ताशी ७६३ मैल वेगाने, जमिनीवरून धावत, ध्वनीलाही मागे टाकले. तीही जेट-मोटारच. ज्या कल्पनेला ‘ही मोटारच नव्हे’ म्हणून दाराबाहेर ठेवले होते, तिनेच पुढे विक्रमांची व्याख्या बदलली. आपल्या मुलांना वेगाच्या आकड्यांबरोबर हेही जरूर सांगावे.