ब्रिटिशकालीन पूल : आठवणी पक्क्या, नोंदी कच्च्या

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा जुना रस्ता कामठी मागे टाकतो आणि कन्हान नदीवर येतो. येथील दगडी कमानींचा पूल जवळपास दीड शतक उत्तरेकडची वाहतूक पेलत आला. बैलगाड्या आणि फौजेच्या तुकड्यांसाठी उभारलेल्या या अरुंद पुलावरून पुढे एसटी गेली, मालमोटारी गेल्या. शेजारी नवा पूल उभा राहिला, तरी पंचक्रोशीत ‘कन्हानचा पूल’ म्हटले की डोळ्यांसमोर उभ्या राहतात त्या जुन्या कमानीच. अशा पुलांबद्दल गावोगावी एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘इंग्रजांनी बांधलाय, काही होत नाही.’ या वाक्यात अभिमान आहे, निरीक्षण आहे आणि धोकाही आहे. जुन्या पुलांचा विचार करताना या तिन्हींची फोड करणे आवश्यक ठरते.

पूल नव्हते तेव्हा

विदर्भातील नद्या आठ महिने शांत आणि चार महिने बेभरवशाच्या. कन्हान, पेंच, वैनगंगा यांना पूर आला की वाटसरूंना नावेच्या भरवशावर काठावर बसून राहावे लागे. मोठ्या नद्यांपेक्षा नालेच अधिक घातक ठरत. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा नाला एका सरीनंतर घोड्याच्या छातीपर्यंत चढतो, आणि अंधारात त्याचा अंदाज येत नाही.

याची किंमत नागपूरने एका नामवंत माणसाच्या रूपाने मोजली आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा काढली, तसेच या भागातील खडक, जीवाश्म व आदिवासी समाज यांचा अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. रात्री घोड्यावरून बोरीकडे परतताना पावसाने फुगलेल्या प्रवाहात सापडून त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांनी आदिवासींविषयी केलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. १८८३ मध्ये स्थापन झालेले हिस्लॉप महाविद्यालय आजही नागपुरात त्यांचे नाव चालवते. महाविद्यालय ठाऊक असलेल्या अनेकांना मात्र त्या नावामागची पावसाळी रात्र ठाऊक नसते.

छावणी, रस्ता आणि रेल्वे

१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यावर इंग्रजांची पकड बसली. १८२१ मध्ये कन्हानच्या उजव्या काठावर कामठीची छावणी वसली. छावणीभोवती बाजार आला, बाजाराभोवती वस्ती आली. ‘कॅम्प’ या शब्दावरूनच कामठी हे नाव पडले, असे लोक सांगतात. गोरा बाजारासारखी नावे त्या काळाची खूण सांगतात. नागपुरातील सदर आणि सिव्हिल लाइन्स ही नावेही त्याच घराण्यातली.

१८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी बनले. प्रांताचा कारभार चालवायचा तर उत्तरेस जबलपूर आणि पूर्वेस रायपूर यांच्याशी बारमाही रस्ता हवा होता. फौज, टपाल आणि महसूल या तिन्हींसाठी पूल ही राज्यकर्त्यांची गरज होती. रयतेची सोय हा त्याचा नंतरचा लाभ. तरीही तो लाभ खरा होता, आणि लोकांच्या आठवणीत तोच टिकला.

१८६७ मध्ये मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोहोचली. १८८० च्या सुमारास छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि कन्हानवर रेल्वेचाही पूल आला. व्यापाराच्या वाटा बदलल्या. ज्या कामठीने एकेकाळी सातपुड्यातील माल खेचून घेतला होता, तिची भरभराट ओसरू लागली. १८८१ च्या जनगणनेत सुमारे ५१ हजार असलेली कामठीची लोकसंख्या १९०१ मध्ये ३९ हजारांच्या आत आली. एका गावासाठी बांधलेला दळणवळणाचा मार्ग कधी कधी त्याच गावावरून सरळ पुढे निघून जातो, तो असा.

नावांतून उरलेला इतिहास

पुलाचे अधिकृत नाव एक आणि लोकांच्या तोंडचे दुसरे, हा प्रकार महाराष्ट्रभर आढळतो. लोक पुलाला बहुधा त्याच्या बांधणीवरून, शेजारच्या खुणेवरून किंवा गमतीनेही नाव देतात. सीताबर्डी आणि कॉटन मार्केट यांच्या दरम्यान रेल्वे ज्यावरून धावते, तो पूल नागपूरकरांसाठी साधा ‘लोखंडी पूल’ किंवा ‘लोहापूल’. रेल्वे स्थानकाजवळचा अलीकडचा केबल-आधारित पूल ‘रामझुला’ झाला तो हृषीकेशच्या आठवणीने.

पुण्यात पानिपतानंतर १७६१ मध्ये मुठेवर लाकडी पूल बांधला गेला. तो गेला, त्या जागी दगडी आला, त्याला संभाजी महाराजांचे नाव दिले गेले; तरी पुणेकरांचा ‘लकडी पूल’ कायम आहे. खंडाळ्याच्या घाटात कॅप्टन ह्यूजेस यांच्या देखरेखीखाली बांधलेला पूल १८३० मध्ये खुला झाला. पुढे त्याच्यावर वेदनाशामक मलमाची जाहिरात झळकली आणि तो ‘अमृतांजन पूल’ झाला. बांधणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव विस्मरणात गेले, मलमाचे राहिले. एप्रिल २०२० मध्ये हा पूल पाडण्यात आला. द्रुतगती मार्गावरील वाहतुकीला त्याचे खांब अडथळा ठरत होते.

‘इंग्रजांचा पूल’ या शब्दांत आणखी एक विसर दडलेला आहे. आराखडा आणि देखरेख इंग्रज अभियंत्यांची असली, तरी दगड फोडणारे, चुना मळणारे, कमानी रचणारे हात येथल्याच पाथरवटांचे, वडारांचे, बेलदारांचे आणि गवंड्यांचे होते. दगडही बहुधा जवळपासच्याच खाणींतला. नागपूर परिसरातील वालुकाश्माच्या थरांना भूशास्त्रात ‘कामठी’ हेच नाव आहे, आणि १९२५ मध्ये खुली झालेली नागपूर रेल्वे स्थानकाची इमारत सावनेरच्या वालुकाश्मात बांधलेली आहे. गोऱ्या साहेबाचे नाव शिलालेखावर क्वचित तरी सापडते. ज्यांनी कमान रचली, त्यांची नावे मात्र कुठेच सापडत नाहीत.

कमान का टिकते, का ढासळते

जुन्या पुलांच्या टिकाऊपणाची कारणे अद्भुत नाहीत. दगड दाब उत्तम सहन करतो, ताण सहन करत नाही. कमानीच्या रचनेत सगळा भार दाबाच्या रूपाने एका दगडाकडून दुसऱ्याकडे आणि शेवटी पायाकडे जातो. माथ्यावरचा कळीचा दगड बसला की दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतात. त्यात लोखंडी सळई नसल्याने गंजण्याचा प्रश्न येत नाही. चुन्याचा दर्जा किंचित लवचिक असतो, त्यामुळे बारीक हालचाली तो सामावून घेतो. शिवाय त्या काळी गणिताची खात्री कमी असल्याने बांधकाम गरजेपेक्षा जाड ठेवत. आज आपण ज्याला इंग्रजांची दूरदृष्टी म्हणतो, तिच्यात या सावधगिरीचा वाटा मोठा आहे.

आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते. जे जुने पूल वाहून गेले, ते आज दिसत नाहीत. उभे राहिलेलेच पाहून ‘जुने सारे मजबूत’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे परतलेल्या यात्रेकरूंवरून प्रवासाची सुरक्षितता ठरवण्यासारखे आहे.

कमानीचा शत्रू बहुधा वर नसतो, खाली असतो. पुराचे पाणी खांबांभोवती भोवरे घालते आणि पायाखालची वाळू व माती खरवडून नेते. पूर ओसरला की खड्डा पुन्हा गाळाने भरतो आणि वरून सारे पूर्ववत दिसते. नदीतून बेसुमार वाळू उपसली की पात्राची पातळी खाली जाते आणि एकेकाळी खोल असलेला पाया उघडा पडू लागतो. सांध्यांत रुजलेल्या पिंपळाची मुळे दगड हळूहळू सरकवतात. झिरपणारे पाणी दर्जातील चुना धुऊन नेते. यांतले काहीही रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही; त्यासाठी पुलाखाली उतरावे लागते.

सावित्रीचा धडा

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. मुंबई-गोवा महामार्गावरील दोन एसटी बस आणि इतर वाहने अंधारात थेट नदीत गेली, अनेकांचे प्राण गेले. शेजारी नवा पूल होता. मात्र जुन्या पुलावरूनही एका बाजूची वाहतूक सुरू ठेवण्यात आली होती. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि त्यात धोका आढळला नव्हता, असे शासनाने दुर्घटनेनंतर सांगितले. त्या जागचा नवा पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला.

या घटनेनंतर राज्यभर जुन्या पुलांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. ‘पुलाची मुदत संपली, आता जबाबदारी आमची नाही,’ असे पत्र विलायतेहून आल्याची कथा तेव्हा गावोगावी नव्याने सांगितली जाऊ लागली. ही कथा इतक्या पुलांबाबत आणि इतक्या सारख्या शब्दांत सांगितली जाते की ती लोककथाच मानावी लागते. औषधाच्या बाटलीवर असते तशी मुदतीची तारीख पुलाला नसते. भार, पूर आणि निगा यांवर त्याचे आयुष्य ठरते. मात्र या कथेत लोकांची एक रास्त अपेक्षा आहे : कुठेतरी, कुणीतरी या पुलाचा हिशेब ठेवत असेल.

नागपूरलाही याची जाणीव वेगळ्या प्रकारे झाली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि एरवी नाला समजली जाणारी नाग नदी घराघरांत शिरली. पंचशील चौकाजवळील तिच्यावरच्या पुलाचे नुकसान झाले. शहराला आपल्या नदीची ओळख अशी पुरानेच पटवून दिली. दुसरीकडे, ब्रिटिशकालीन अजनी रेल्वे पुलाला पर्याय म्हणून नवा पूल उभारण्याचे काम हाती घेण्यात आले.

पाडावे की जपावे

जुना पूल पाडणे किंवा अखेरपर्यंत त्याच्यावरून अवजड वाहतूक चालू ठेवणे, एवढेच दोन मार्ग नाहीत. ज्या इंग्रजांचे नाव आपण घेतो, त्यांच्याच देशातील उदाहरण पाहता येईल. श्रॉपशर परगण्यात सेव्हर्न नदीवरचा बिडाच्या लोखंडाचा पूल १७७९ मध्ये उभा राहिला. त्याच्यावरूनच तेथील गावाला ‘आयर्नब्रिज’ हे नाव पडले. १९३४ मध्ये तो वाहनांना बंद करण्यात आला. पादचाऱ्यांसाठी तो खुला आहे आणि १९८६ पासून तो परिसर जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. पुलाला भारातून मुक्त केले, म्हणून तो वाचला. आपल्याकडे मुख्य वाहतूक नव्या पुलावर गेल्यावर जुन्याचा भार खरोखरच उतरवला, तर कन्हानसारख्या ठिकाणी हाच मार्ग शक्य आहे.

सर्वच पूल वाचणार नाहीत, आणि वाचवणे योग्यही नाही. रेल्वेवरील किंवा महामार्गावरील धोकादायक पूल उतरवणे हेच शहाणपण. अशा वेळी पाडण्यापूर्वी मोजमापे, छायाचित्रे, पायाची रचना, दगड व दर्जाचे नमुने यांची नोंद करून ठेवता येते. शिलालेख संग्रहालयात हलवता येतो. काठावरच्या वृद्धांना विचारून कोणत्या साली पाणी कुठवर चढले होते, हे लिहून घेता येते. नवा पूल किती उंच असावा, हे ठरवणाऱ्या अभियंत्यालाही या उत्तराचा उपयोग आहे. नावाड्याला, धोब्याला, वाळवंटात टरबूज लावणाऱ्याला नदीची जी माहिती असते, ती कागदावर येण्याआधीच अनेकदा हरवते.

‘काही होत नाही’ हा भरवसा दीडशे वर्षांच्या अनुभवातून आला आहे; त्याला हसण्याचे कारण नाही. पण तो अनुभव कालपर्यंतचा आहे. पुढच्या पावसाळ्यासाठी दर वर्षी कुणीतरी पुलाखाली उतरून पाया पाहिला पाहिजे आणि जे दिसले ते तारखेसह लिहून ठेवले पाहिजे.