मोटारीचें वय आणि कर्त्याचें उत्तरदायित्व

वस्तु विकली कीं विकणाराचा आणि तिचा संबंध संपला, हा व्यापारांतील जुना समज आहे. मडकें घेतांना तें वाजवून पाहतां येतें, बैल घेतांना त्याचे दांत पाहतां येतात. परंतु मोटारीच्या पोटांतील दोष घेणारास दिसावा कसा? ह्या प्रश्नांतूनच सदोष मोटारी परत बोलावून त्या विनामूल्य दुरुस्त करण्याची, म्हणजे ‘रिकॉल’ची, पद्धति निघाली. तिचा इतिहास सुमारें साठ वर्षांचा आहे. आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील पालीसारख्या गांवीं उभें राहून तो वाचला, तर आमच्या कायद्यांतील एक उणीव ठळकपणें नजरेस येते.

प्रारंभ अमेरिकेंत झाला. १९६५ सालीं राल्फ नेडर ह्या तरुण वकिलानें ‘अन्सेफ ॲट एनी स्पीड’ हा ग्रंथ लिहून मोटार-कारखानदारांवर उघड आरोप केला. जनरल मोटर्सची कॉर्व्हेअर ही गाडी मागील चाकांच्या रचनेमुळें वळणावर चालकाच्या ताब्यांतून सुटते, असें त्यानें पहिल्याच प्रकरणांत प्रतिपादिलें होतें. कंपनीनें त्याच्या मागावर हेर घातले; आणि १९६६ च्या मार्चांत कंपनीच्या अध्यक्षास सिनेटच्या समितीपुढें क्षमा मागावी लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत वाहनसुरक्षिततेचा कायदा झाला. दोष आढळल्यास कारखानदारानें टपालानें कळवावें, असें बंधन त्यानें घातलें. पण हें पत्र मुख्यतः पहिल्या ग्राहकास जावयाचें होतें. विनामूल्य दुरुस्तीची सक्ती १९७४ सालीं आली, व तीहि आठ वर्षांपुरती. ही मुदत २००० सालीं दहा वर्षें आणि २०१५ सालीं पंधरा वर्षें झाली. अनुभव जसजसा वाढला, तसतसें कर्त्याचें उत्तरदायित्व अधिकाधिक जुन्या गाडीपर्यंत पोंचविण्यांत आलें, हा ह्या इतिहासाचा सारांश होय.

असें होण्याचें कारण उघड आहे. दोष कारखान्यांत जन्मतो, परंतु पुष्कळदां तो वर्षानुवर्षें उघडकीस येत नाहीं. फोर्ड कंपनीची पिंटो ही गाडी मागून धक्का बसतांच पेट्रोलची टांकी फुटून पेटे. १९७१ ते १९७६ पर्यंतच्या ह्या व तिच्या जोडीच्या गाड्या मिळून सुमारें पंधरा लक्ष मोटारी कंपनीनें परत बोलाविल्या, त्या १९७८ सालीं. तोंवर त्यांतील सर्वांत जुन्या गाड्यांस सात वर्षें उलटून गेलीं होतीं.

आमच्याकडे हा प्रश्न उशिरां उद्भवला. कुर्ल्याच्या कारखान्यांतील प्रीमियर पद्मिनी मिळण्यासाठीं लोक वर्षानुवर्षें नांव नोंदवून बसत. इतकी प्रतीक्षा करून मिळालेल्या गाडीविषयीं तक्रार कोण करणार? पुढें १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा आला. त्यामुळें एकेका ग्राहकास दाद मागतां येऊं लागली. परंतु एकास भरपाई देणें निराळें आणि त्याच दोषाच्या सर्व गाड्या रस्त्यावरून परत बोलावणें निराळें. २०१२ सालीं वाहन-उत्पादकांच्या संघटनेनें ह्याविषयीं आपखुषीचे नियम केले. सक्तीचें कलम, म्हणजे मोटार वाहन कायद्याचें कलम ११०-अ, २०१९ च्या दुरुस्तीनें आलें. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यांत दंड दहा लक्षांपासून एक कोटि रुपयांपर्यंत आहे. पण ही सक्ती सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांपुरतीच आहे. कंपनीनें आपण होऊन अधिक जुन्या गाड्या बोलावण्यास आडकाठी नाहीं. मात्र तें तिच्या सद्बुद्धीवर अवलंबून.

आतां पालीकडे वळूं. मुंबई-गोवें महामार्गावरून आंबा घाटानें कोल्हापुरास जाणारा रस्ता येथें फुटतो. अशा गांवांत मोटार बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातीं येते. पहिल्या मालकानें मुंबई-पुण्यास कांहीं वर्षें वापरून विकलेली गाडी येथील कुटुंबाची पहिली गाडी ठरते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, आणि तपासणीनंतर वाढवूनहि मिळते. म्हणजे जो कायदा गाडीस पंधरा वर्षें रस्त्यावर धांवूं देतो, तोच सात वर्षांनंतर तिच्या कर्त्यास मोकळें सोडतो. उरलेल्या काळाचा भार पडतो तो नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या माणसावर.

ही शंका केवळ पुस्तकी नव्हे. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांचें प्रकरण जगांतील सर्वांत मोठ्या रिकॉलचें. त्या पिशव्या फुगविण्यासाठीं वापरलेलें अमोनियम नायट्रेट उष्णतेनें व दमटपणानें वर्षानुवर्षें बिघडत जातें; मग अपघाताच्या वेळीं धातूची डबी फुटून तिचे तुकडे माणसाच्याच अंगांत शिरतात. जेथें हवा उष्ण आणि दमट, तेथें धोका लवकर येतो. होंडानें भारतांत २०१७ च्या जानेवारींत २०१२ सालच्या ४१,५८० गाड्या आणि २०१८ च्या जानेवारींत २०१३ सालच्या २२,८३४ गाड्या ह्याच कारणास्तव बोलाविल्या. वाढत्या वयाबरोबर वाढणारा दोष आणि वयाबरोबर संपणारें उत्तरदायित्व ह्यांचा मेळ कोंकणाच्या दमट हवेंत कसा बसावा?

उपाय फार दूरचा नाहीं. कंपनीस पहिल्या ग्राहकाचा पत्ता ठाऊक असतो. आजच्या मालकाचा पत्ता परिवहन कार्यालयाच्या दप्तरांत असतो. मालकी बदलतांना किंवा नोंदणी वाढवितांना त्या गाडीचें एखादें रिकॉल राहून गेलें आहे काय, हें चासी-क्रमांकावरून पाहून मालकास सांगणें कठीण नाहीं. तोंवर जुनी मोटार घेणारानें रंग आणि टायर पाहण्यापूर्वीं तो क्रमांक कंपनीकडे पडताळून घ्यावा. पण ग्राहकाच्या सावधपणानें कायद्याची उणीव भरून निघत नाहीं. अमेरिकेस आठांवरून पंधरा वर्षांपर्यंत येण्यास चार दशकें लागलीं. तो धडा आमच्यापुढें आयता लिहिलेला असतां आम्हीं सातांवरच थांबण्याचें कारण नाहीं.