म्हाताऱ्या घोड्याला निरोप



घोडा हे संभवनाथ भगवंतांचे लांछन, हे पाठशाळेतले लहान मूलही सांगेल. आपल्या मिरवणुकीचे नावच वरघोडा. इथे जूचंद्रला वरघोडा निघाला की बँडच्या आधी मुलांना घोडी दिसते, आणि सोसायटीतल्या बायका हातात गूळ-चणे घेऊन खाली उतरतात. पण घोडी म्हातारी झाली की जाते कुठे, हे मी इतक्या वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. म्हणून या वेळी थोडा इतिहास.

काहींना आठवत असेल, २६ जानेवारी २०२२ ला दिल्लीच्या संचलनानंतर राष्ट्रपती, पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री एका घोड्याजवळ जाऊन त्याला थोपटताना टीव्हीवर दिसले होते. तो विराट, राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाच्या कमांडंटचा घोडा. २००३ मध्ये दलात आला, तेरा वेळा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात चालला, त्याच महिन्यात लष्करप्रमुखांचे प्रशस्तिपत्र मिळाले आणि त्या दिवशी तो निवृत्त झाला. पुढे त्याला दलानेच सांभाळायचे ठरवले. मला ते दृश्य फार आवडले होते. पण असा निरोप किती घोड्यांच्या वाट्याला येतो?

आपल्या मुंबईचेच बघा. ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाब्याहून पायधुणीपर्यंत. चालवणारी कंपनी स्टर्न्स अँड किटरेज, आणि तिच्या तबेल्यात नऊशे घोडे. पुढे ही ट्राम बंद झाली आणि १९०७ मध्ये विजेची आली. मी कॉमर्सची, त्यामुळे नऊशे घोडे म्हटले की मला आधी कंपनीच्या वह्या दिसतात. आम्हाला घसारा शिकवताना एक पुनर्मूल्यांकन पद्धत असे: दर वर्षअखेर वस्तूची किंमत पुन्हा ठरवायची आणि जितकी कमी झाली तितका तोटा लिहायचा. पुस्तकात उदाहरण ठरलेले, सुटी हत्यारे आणि जनावरे. पाने-पक्कड आणि घोडा एकाच ओळीत! तेव्हा मी ते मुकाट्याने पाठ केले आणि मार्कही मिळवले.

याच शहरात त्याच्या आधी चाळीस वर्षे वेगळा हिशेब मांडला गेला होता. १८३२ मध्ये सरकारी हुकमाने रस्त्यावरची कुत्री मारायला सुरुवात झाली, त्यावरून पारशी चिडले, त्यांना आपले व्यापारीही मिळाले, बाजार बंद पडले, दंगा झाला. त्यातून १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी स्वतःच्या मालावर स्वतःच लागा बसवला, कापसाच्या व्यवहारावर इतका, अफूच्या पेटीवर इतका. (हो, अफूसुद्धा. जीवदयेला अफूचा पैसा, हे वाचून मी थबकले; पण वहीत आहे ते आहे.) लागा म्हणजे देणगी नव्हे, एवढे लक्षात घ्या. देणगी मनात आली तर देतात. लागा प्रत्येक सौद्याबरोबर कापलाच जाई, म्हणून काम न करणाऱ्या जनावरालाही रोज चारा मिळे. त्या मुंबईने नंतर चेंबूरच्या एका नाक्यालाच पांजरापोळ नाव दिले. आणिक–पांजरापोळ रस्त्याने जाणाऱ्या कितीजणांना त्याचा अर्थ ठाऊक असेल कोण जाणे.

माझे लहानपण भुलेश्वरचे. आमच्या आजीला सगळे बा म्हणत. वाळकेश्वरच्या देरासरला जायचे तर बा सी. पी. टँकवरच्या एका ठरावीक व्हिक्टोरियातूनच जाई. गाडीवाल्या चाचांचा घोडा पांढरा, त्याचे नाव राजा. बा आधी राजाला गूळ देणार, मग गाडीत बसणार. चाचांनी चाबूक हातात धरलेला मी पाहिला, वापरलेला नाही, म्हणत, "बा, याला रस्ता माझ्यापेक्षा जास्त ठाऊक." पुढे राजाचा मागचा पाय आखडू लागला. खरारा करताना हात लागला तरी तो अंग चोरायचा. विकत घेणारे होते, मालगाडीला जुंपायला. चाचांनी बाला विचारले आणि बाने शहराबाहेरच्या एका पांजरापोळात त्याची सोय केली; चंदीचे पैसे दर महिन्याला आमच्या घरातून जात. चाचांनी दुसरा घोडा घेतला, पण जुम्म्याला नमाजानंतर राजाला भेटायला जात.

दीड-दोन वर्षांनी राजा बसला तो उठेना. घोडा गाईसारखा दिवसेंदिवस आडवा राहू शकत नाही, स्वतःच्याच वजनाने त्याचे स्नायू आणि फुप्फुसे दबतात. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनने सोडवता येईल. चाचा रडत बाकडे आले, "बा, सोडवूया त्याला." बा नाही म्हणाली. दुखणे कमी करणारे औषध द्या, सावली करा, कूस बदला, पण जीव आपण घ्यायचा नाही. ती स्वतः गेली, त्याच्या कानाशी बसून नवकार म्हणत राहिली. चाचा मान मांडीवर घेऊन बसले होते. तिसऱ्या दिवशी राजा गेला. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. बा बरोबर की चाचा, हे मी तेव्हा विचारले नाही.

बाच्या मनात काय असेल ते मला नंतर अश्वावबोधाची कथा वाचताना कळले. जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात ‘विविधतीर्थकल्पा’त ती दिली आहे. भरूचला यज्ञात एका घोड्याचा बळी जाणार होता. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामी तेव्हा प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला होते. एका रात्रीत साठ योजने चालून ते भरूचला पोहोचले, कारण तो घोडा मागच्या जन्मीचा त्यांचा मित्र. घोड्याने उपदेश ऐकला, अनशन घेऊन देह ठेवला, देव झाला. (कथा श्वेतांबर ग्रंथातली, पैठणचे मुनिसुव्रतांचे अतिशय क्षेत्र दिगंबरांचे.) मला यात एक गोष्ट नेहमी अडते. भगवंतांनी घोड्याला मरणापासून नाही, मारण्यापासून वाचवले. मरण त्याचे त्याने स्वीकारले. राजाला अनशन म्हणजे काय ते कोण समजावणार होते?

हा वाद आपल्या घरातलाच नाही. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य यातनांत होते. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर गांधीजींनी त्याला इंजेक्शन देववले आणि ‘नवजीवन’मध्ये ते उघड लिहिले. आपल्या समाजात केवढा गदारोळ झाला! आजचा कायदाही दोन्ही बाजू ठेवून आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ३५ व्या कलमात पांजरापोळ हा शब्दच आहे: दंडाधिकारी आजारी जनावर तिथे पाठवू शकतो आणि खर्च मालकाने द्यायचा. पण ते बरे होणार नाही किंवा हलवणेही क्रूरपणाचे ठरेल असे पशुवैद्याने लिहून दिले, तर जीव घेण्याचा हुकूमही होऊ शकतो. मी बाच्या बाजूची आहे. पण चाचांना निर्दय म्हणायची माझी तयारी नाही, त्यांच्या मांडीवर राजाची मान होती.

जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. २०२१ मध्ये तशाच दिसणाऱ्या विजेच्या गाड्या आल्या. चांगलेच झाले, डांबरावर नाल घसरणारा घोडा ज्याने पाहिला तो हेच म्हणेल.

राहिली आपली वरघोड्याची घोडी. मागच्या दीक्षेच्या वेळी, कमानीशी घोडी थांबली असताना, मी घोडेवाल्याला विचारले, "दादा, म्हातारी झाली की हिचे काय करता?" तो हसला. "आई, म्हातारी होईपर्यंत माझ्याकडे राहते कुठे? पाय लागला की विकतो. पुढचा आणखी पुढे विकतो."

आमच्या महिला मंडळात मी दोन गोष्टी मांडल्या आहेत. एक, वरघोड्याला घोडी नको, रथ माणसांनी ओढावा. मुले आनंदाने ओढतील. दोन, ज्यांना घोडी हवीच त्यांनी भाड्याबरोबर ठरावीक रक्कम पांजरापोळाच्या पावतीला द्यावी, लागा म्हणूनच. दुसरीवर जास्त वाद झाला. एक ताई म्हणाल्या, म्हणजे पैसे भरले की मोकळे? मला त्यांचे म्हणणे पटले, तरी ठराव मागे घेतला नाही. पर्युषणाआधीच्या बैठकीत तो पुन्हा येईल.