शब्दवेध : माका नाका

१९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातलं ‘ईना मीना डीका’ हे गाणं गाजलं ते निरर्थक शब्दांसाठी. पण त्यातले सगळेच शब्द निरर्थक नाहीत. पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांना हे गाणं सुचलं, म्हणे, बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या ‘ईनी मीनी’वरून. त्यांचे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांनी पुढे जोडलं ‘माका नाका’. ही चक्क कोकणी : मला नको! मराठी जिथे ‘ला’ लावते, तिथे कोकणी-मालवणीत ‘क’ येतो; म्हणून माका, तुका, ताका. बोरिवली-मुलुंडच्या मालवणी घरांना हे सांगावं लागत नाही. अंधेरीत मात्र ‘नाका’ म्हणाल तर रिक्षा साकीनाक्याला वळेल! गाण्याचे गीतकार म्हणून श्रेय अर्थात राजेंद्र कृष्ण यांना.